आप्पांच्या काळजातला भोवरा

एका गावात एक बाई होती, ती माणसांच्या काळजात डोकावायची. चेटकीण नव्हे हो, इंजिनिअर! नाव हेमलता. तिच्यासाठी गावच्या नव्या दवाखान्यात चुंबकाचं एक थोरलं मशीन आणलं होतं. ते ट्रकमधून उतरलं तेव्हा गावातली झाडून सगळी लोखंडी कुलपं त्याच्याकडे माना वळवून बसली, असं सांगतात. माणूस त्या मशीनच्या बोगद्यात निजला की त्याच्या हृदयाची चित्रं निघत. त्यांवरून हेमलता संगणकात तसंच्या तसं हृदय उभं करी आणि आत रक्त कसं वाहतं ते पडद्यावर रंगांत दाखवी. धडधाकट हृदयात आलेलं रक्त एक गिरकी घेतं आणि त्याच झोकात पुढे निघतं. त्या गिरकीला ती भोवरा म्हणायची.

म्हणणारच! तिचं बालपण आप्पा कातारींच्या दुकानासमोर गेलं होतं. आप्पा लाकूड कातून, खाली लोखंडी खिळ्याची आर ठोकून भोवरे करीत. काय ते भोवरे! एकदा सोडला की पोरांनी घरी जाऊन जेवून यावं, तरी तो आपला फिरतोच आहे. एकदा आप्पांनी एका लग्नघराच्या ओट्यावर भोवरा सोडला. तो थांबला तेव्हा त्या जोडप्याला मुलगी झालेली होती. खोटं वाटत असेल तर त्या मुलीलाच विचारा. तिचं नाव हेमलता.

फिरतोय की नुसता उभा आहे तेच कळू नये, असा भोवरा एका जागी घुमू लागला, की आप्पा ओठांवर बोट ठेवीत. "गप! भोवरा झोपलाय." मग अख्ख्या गल्लीत कुणी श्वास सोडत नसे. एरवी ज्यांच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नसे, ते आप्पासुद्धा.

आता ते दुकान बंद होतं. गल्लीत भोवरे घुमत नव्हते, आणि आप्पांना ओट्याची पायरी चढतानाही धाप लागत होती. हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना हेमलताकडे धाडलं. दिवस नेमका मशीनच्या उद्घाटनाचा. बाहेर पाहुणे हारतुरे घेऊन हृदयाचं चित्र बघायला ताटकळत होते.

"आप्पा, श्वास रोखा," काचेमागून हेमलता माइकवर म्हणाली.

"रोखला गं!" बोगद्यातून आवाज आला.

"बोलू नका. नुसता रोखा."

"नाहीच बोलत. हा बघ, रोखला!"

व्हायचं तेच झालं. चित्र हललं. हृदयाचं टोक तर पार पुसून गेलं. इकडे पाहुणे दार वाजवू लागले. मशीन तपासताना हेमलतानं स्वतःच्या हृदयाची चित्रं काढून ठेवली होती. त्यातलं टोक उचलून तिनं आप्पांच्या चित्राला जोडून टाकलं. संगणकानं हूं की चूं केलं नाही.

पडद्यावर असा झोकदार भोवरा उठला की पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आप्पांचे डोळे भरून आले. "बघा लेको! दुकान बंद झालं, पण आत कारखाना चालू आहे!" त्यांनी ते चित्र छापून घेतलं आणि दुकानाच्या बंद फळीवर लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी पुन्हा हजर. हातात भोवऱ्याची जुनी दोरी, आमच्याकडे तिला जाळी म्हणतात.

"हेमे, यंदा टेकडीवरच्या जत्रेत भोवरा सोडणार! संध्याकाळी डॉक्टर तुझं चित्र बघून औषधाचं सांगायचेत. सांगणार काय, कपाळ? असला भोवरा असल्यावर औषध कशाला?"

किती वर्षांनी म्हातारा असा हसत होता! ते हसू पुसायचं हेमलताच्यानं होईना. राहू दे, असं क्षणभर वाटूनही गेलं. पण मग टेकडीच्या चढावर, मधेच दगडावर बसून धापा टाकणारे आप्पा तिच्या डोळ्यांपुढे आले.

"आप्पा, त्या चित्रातला भोवरा तुमचा नाही. माझा आहे."

"म्हणजे गं?"

"तुमचं चित्र हललं होतं. पाहुणे खोळंबले म्हणून मी माझं जोडलं."

आप्पांनी जाळी खिशात कोंबली. मग म्हणाले, "लहानपणी माझे भोवरे पळवायचीस. आता तुझा माझ्या गळ्यात मारतेस होय?"

ती डॉक्टरांकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. त्यांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि रुसलेल्या आप्पांना पुन्हा बोगद्यात निजवलं.

श्वास रोखायची वेळ आली. हेमलता माइकजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "गप! भोवरा झोपलाय."

मशीन ठकठक वाजत राहिलं, पण आतला म्हातारा काही हलेना की बोलेना. भिंतीवरच्या घड्याळानंही म्हणे तेवढ्यापुरती टिकटिक थांबवली.

चित्र लख्ख आलं. भोवरा होता, पण लुळा. अर्धी गिरकी घेऊन आडवा होत होता, आणि हृदयाच्या टोकाशी रक्त नुसतं साचून राहिलं होतं. तिथं गुठळी धरायच्या आत डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायचं औषध सुरू केलं आणि टेकडी चढायला साफ मनाई केली.

आप्पांनी पडद्यावरच्या टोकाला बोट लावलं. मग हसले. "खालची आर वाकडी झालीय. पण लाकूड माझंच आहे हो!" आणि दुकानावरचं देखणं चित्र काढून त्यांनी हे वेडंवाकडं लावलं.

जत्रेच्या दिवशी सारा गाव टेकडीवर गेला. हे दोघं मात्र दुकानाच्या ओट्यावर. आप्पांनी जाळी गुंडाळून दिली, हेमलतानं भोवरा सोडला. तो घुमला, थरथरला, आणि झोपला. अजून फिरतोय म्हणतात. खात्री करायला जावं, तर त्या गल्लीत बोलायची बंदी आहे.

तात्पर्य: आपल्या माणसाला खूश करायला देखणं खोटं दाखवू नये, वेडंवाकडं असलं तरी त्याचं खरं तेच दाखवावं, कारण औषध लागू पडतं ते खऱ्यालाच.