धारेच्या वेळी वाचलेले पत्र

एका तालुक्याच्या पेठेत एकदा एक तरुण पशुखाद्याच्या पेढीवर पत्रलेखक म्हणून रुजू झाला. त्याचे नाव विश्वंभर. भाषेवर त्याचे प्रभुत्व होते आणि त्याची त्याला पुरेपूर जाणीवही होती. पेढीचा पत्रव्यवहार आयुष्यभर सांभाळलेले एक वृद्ध गृहस्थ त्याला हाताला धरून शिकवत. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गुरुजी त्याच्या मसुद्यातल्या ओळी निमूटपणे खोडत आणि विश्वंभर मनातल्या मनात म्हणे, म्हाताऱ्याला रसिकता नाही.

एकदा गुरुजी आजारी पडून घरी होते. त्याच सुमारास पेंडीच्या लाल शिक्क्याच्या पोत्यांना बुरशी लागल्याचे शेठजींच्या ध्यानात आले. पोती गावोगाव पोचली होती. शेठजी म्हणाले, "विश्वंभर, गिऱ्हाइकांना लगेच कळव. ती पेंड जनावरांच्या तोंडी लागता कामा नये."

प्रथमच गुरुजींच्या लेखणीवाचून आपले पत्र जाणार, या आनंदात विश्वंभरने पत्र लिहिले. आरंभी ऋतुवर्णन, मग पेढीची उज्ज्वल परंपरा, मग ग्राहकांच्या स्नेहाबद्दल कृतज्ञता. अखेरच्या परिच्छेदात त्याने लिहिले, 'लाल शिक्का असलेल्या पोत्यांतील पेंडीच्या उपयोगाबाबत यथोचित सावधगिरी बाळगली जाणे इष्ट ठरेल.' त्याने ते दोनदा स्वतःशीच मोठ्याने वाचले आणि पाकिटे रवाना केली.

पुढे दोन-तीन दिवसांत जवळच्या गावातून निरोप आला. चंद्राक्का नावाच्या बाईची दुभती म्हैस पेंड खाऊन मेली होती. म्हशींवरच तिचा संसार चालत असे.

शेठजी संतापले. विश्वंभर घाईघाईने म्हणाला, "पण मी लिहिलं होतं! शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट आहे. त्यांनी वाचलं नाही, त्याला मी काय करणार?"

नुकतेच बरे झालेले गुरुजी कोपऱ्यात बसले होते. त्यांनी पत्राची प्रत मागवली, वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "चल माझ्याबरोबर. धारेची वेळ गाठायची आहे."

चंद्राक्काच्या गोठ्यात एक दावे रिकामे होते. त्याच्याजवळ मेलेल्या म्हशीचे रेडकू सारखे ओरडत होते. पेढीची माणसे पाहताच दुसऱ्या म्हशीची धार काढणारी बाई चरवी बाजूला ठेवून उठली, पदर सावरून म्हणाली, "या गुरुजी. पत्र आलं होतं हो तुमचं, फार छान होतं. निम्मं वाचलं, तेवढ्यात म्हशीनं पान्हा सोडला. वाटलं, शेठजींनी खुशाली कळवलीय, उरलेलं सवडीनं वाचू. माझंच चुकलं."

विश्वंभरची मान खाली गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याने उत्तर दिले असते. पण तिने त्याचे पत्र छान म्हटले आणि चूक स्वतःकडे घेतली.

तेवढ्यात गुरुजींनी एक विलक्षण गोष्ट केली. रेडकाचे दावे त्यांनी विश्वंभरच्या एका हातात दिले, दुधाने भरलेली चरवी दुसऱ्या हातात दिली आणि त्याचेच पत्र त्याच्या डोळ्यांसमोर धरले.

"वाच. शेवटपर्यंत."

तो वाचू लागला. रेडकाने हिसडा दिला, चरवी डचमळली, दूध त्याच्या पायावर सांडले. तो पुन्हा वाचू लागला. शेजारची म्हैस फुरफुरली, रेडकू तिच्याकडे ओढू लागले. ऋतुवर्णन काही संपेना. पेढीच्या परंपरेपाशी त्याचा आवाज चिरकला.

"गुरुजी, नाही वाचता येत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

गुरुजींनी चरवी काढून घेतली. "लिहिताना तू टेबलाशी बसला होतास," ते शांतपणे म्हणाले. "तुला वाटलं, वाचणाराही तसाच बसलेला असेल. व्यवहाराचं पत्र हात गुंतलेल्या माणसाकडे जातं, बाळा. त्याच्याकडून आपण त्याचा वेळ मागून घेतो. मागितल्यावर आधी त्याच्या कामाचं सांगायचं. तू आधी स्वतःचं सांगितलंस. आणि जे सांगायचं होतं, तेही 'इष्ट ठरेल' म्हणून झाकलंस. 'घालू नका' एवढं लिहायला तुला लाज वाटली."

चंद्राक्काने रेडकाचे दावे विश्वंभरच्या हातून हळूच सोडवून घेतले. त्याने तिच्यापुढे हात जोडले. "अक्का, तुमचं नाही चुकलं. ते पत्र मी लिहिलं होतं."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाकीच्या गावांतबी गेलं असंल की तेच पत्र. त्यांचं काय?"

तो दचकला. स्वतःच्या अपमानात हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. तिथेच बाजेवर बसून त्याने लिहिले: 'लाल शिक्क्याच्या पोत्यातली पेंड जनावरांना घालू नका. तिला बुरशी आहे. एक म्हैस मेली आहे. पोती परत करा, बदलून मिळतील.' खाली पेढीचे नाव. गुरुजींनी वाचले आणि एकही अक्षर खोडले नाही.

तेच पुन्हा पुन्हा उतरवून तो चिठ्ठ्या घेऊन दुधाच्या गाडीत चढला. गावोगाव उतरून त्याने स्वतःच्या हाताने त्या वाटल्या. शेठजींनी चंद्राक्काला दुसरी म्हैस द्यायचे कबूल केले होते, तरी त्या रेडकाचा आवाज त्याच्या कानातून जाईना.

शेवटच्या गावात डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेला एक शेतकरी वाटेत भेटला. त्याने भारा न उतरवता चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली. वाचली आणि भारा तिथेच टाकून गोठ्याकडे धावला. विश्वंभर मागोमाग पोचला, तेव्हा तो गव्हाणीतली पेंड दोन्ही हातांनी बाहेर उपसत होता. चिठ्ठी कुठेतरी चिखलात पडली होती.

विश्वंभरने बाह्या सरसावल्या आणि तोही पेंड उपसू लागला.