केरबाचं सोयर

"पण बुवा, सोयरातून काही वाट नाही का हो?"

केरबा अंगणातूनच विचारत होता. घरात मूल जन्मलं की दहा दिवस सोयर, देवाला शिवायचं नाही. मग मठाची पायरी तरी कशी चढायची? चार दिवसांमागं त्याला मुलगी झाली होती, आणि हा गडी तोंड एवढंसं करून चिंचेखाली बसला होता.

आम्ही दोघंतिघं ओसरीवर शेंगा फोडत होतो. जोतीबुवाही आमच्यातच बसले होते. फोडण्यापेक्षा ते खातच जास्त होते.

"बारा वर्षांत एक दिवस पूजा चुकली नाही," केरबा म्हणाला. "तापात केली, पुरात केली. आता गुरव येतो, दोन फुलं टाकून जातो. बघवत नाही हो मला!"

खोटं नव्हतं ते. केरबाची पूजा अख्ख्या गावाला ठाऊक. ज्याला ठाऊक नसेल त्याला तो स्वतः सांगायचा.

"कशी करतोस पूजा? सांग तरी," बुवा म्हणाले.

केरबाचा चेहरा उजळला. "पहाटे देवाला हलक्या हातानं जागं करतो. तेल लावून ऊन पाण्यानं न्हाऊ घालतो. अंग लगेच कोरडं करतो, थंडी बाधायला नको. मग गरम गरम नैवेद्य. पडदा ओढतो, मध्ये कुणी बोलायचं नाही. दुपारी देव निजला की घरात भांडंसुद्धा वाजू देत नाही."

"वा रे वा! आणि सध्या दिवसभर काय करतोस?"

"काय करणार? देवघराच्या दाराशी बसून असतो. हात नुसते शिवशिवतात."

"सगुणा कशी आहे?"

"बायको ना? बरी आहे. तिच्या आईचे गुडघे धरलेत, म्हणून माहेरचं कुणी आलं नाही. आमच्या घरात दुसरं बाईमाणूस नाही. तीच उठली कालपासून. भाकऱ्या थापताना जरा भोवळ आली... पण सावरली. उरलेल्या भाकऱ्याही तिनंच केल्या."

बुवांच्या हातातली शेंग फुटायची राहिली...

मला तर उठून केरबाच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला.

केरबानं घाईघाईनं पिशवीतून पितळी डबा काढला, पायरीवर ठेवला आणि परत चिंचेखाली जाऊन बसला. "हे तुमच्यासाठी. डिंकाचे लाडू. सासूबाईंनी पाठवलेत. आमच्या चुलीवरचे नव्हेत, सोयराची शंका नको."

गोड म्हणजे बुवांचा जीव की प्राण. आम्हीही हात झटकून सरसावून बसलो. बुवांनी झाकण उघडलं आणि डोळे मिटून वास घेतला.

"कुणासाठी पाठवलेत?"

"तसे सगुणेसाठी. पण पहिला मान तुमचा."

बुवांनी झाकण लावलं. आमची तोंडं उतरली.

ते पायऱ्या उतरून अंगणात गेले. डबा केरबाच्या मांडीवर ठेवला आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. सोयरातल्या माणसाला चक्क शिवले की! ते हात त्यांनी उलटेपालटे करून पाहिले.

"इतके शिकलेले हात," बुवा म्हणाले, "आणि देव म्हणतो, दहा दिवस मला शिवू नकोस. का म्हणत असेल रे?"

केरबा डब्याकडे बघत राहिला...

मग उठला. फाटकापर्यंत चालत गेला आणि पुढं जो पळाला! चपला चिंचेखालीच राहिल्या.

त्या न्यायला तो आला तो सोयर फिटल्यावरच. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली, सदऱ्याला ओव्याच्या धुरीचा वास. पण स्वारी हसत होती.

"अळिवाची खीर जमते बुवा मला आता! पहिली खाली लागली. सगुणा पोट धरून हसली, पण वाटीभर खाल्ली."

"भोवळ?"

"परत नाही आली. रंग चढलाय तोंडावर." मग तो जरा घुटमळला. "बुवा... एक विचारू?"

"विचार."

"सोयर... थोडं वाढवून नाही का मिळणार?"

आम्ही खो खो हसलो.

"हसू नका रे! पोरगी पहाटेच जागी होते. मी तिला खांद्यावर घेऊन फिरतो, तेव्हा कुठं सगुणेचा डोळा लागतो. आणि नेमकी तीच पूजेची वेळ. तिकडं देव ताटकळायचा."

बुवांनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले.

"बारा वर्षं पहाटे उठवतोयस त्याला," ते म्हणाले. "झोपू दे की जरा त्यालाही."