फुकटातलं दावं

"मग 'सेल युअरसेल्फ' म्हणजे नेमकं काय, ते तरी सांगा बुवा!"

निरंजनबुवा मठाच्या गोठ्यात शेण भरत होते. मठात येण्याआधी त्यांनी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं होतं. पण आता कुणी इंग्रजीचा विषय काढला की त्यांना नेमका झाडू सापडायचा.

"तुला काय वाटतं?"

सौमित्र पुण्याचा, मठात पाहुणा आलेला. विक्रीच्या धंद्यातलं सगळं इंग्रजी पठ्ठ्याला तोंडपाठ! 'हार्ड सेल' म्हणजे गिऱ्हाइकाच्या मानगुटीवर बसून माल खपवणं, 'सॉफ्ट सेल' म्हणजे गोड बोलून गळी उतरवणं... विचारायचा अवकाश. आणि तरी मागच्या दोन्ही मुलाखतींत साहेबांनी त्याला एकच ऐकवलं होतं, तुम्हाला स्वतःला विकता येत नाही.

"आपली लायकी समोरच्याला पटवून देणं," तो म्हणाला.

"बरोबर आहे की. मग घोडं अडलंय कुठं?"



"उद्या पुन्हा मुलाखत आहे. लहान मुलांच्या टॉनिकची कंपनी. पोरांची उंची वाढते म्हणून विकायचं. वाढत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण मला नोकरी हवीय, बुवा. आई रोज विचारते आणि मी तोंड चुकवतो. लाज वाटते हो. उद्या ते म्हणतील त्याला हो म्हणणार आहे."

बुवांनी शेणाची पाटी उचलून बाजूला ठेवली.

तेवढ्यात शेजारच्या वाडीचा बिराप्पा मगदूम आला. मठातला एक गोऱ्हा त्याच्या मनात भरला होता, पण गडी कितीतरी दिवस नुसताच येऊन बघून जात होता.

"तूच बोल त्याच्याशी," बुवा सौमित्रला म्हणाले. "विकून दाखव."

झालं! सौमित्रला चेव चढला. गोऱ्ह्याचा खांदा काय, खूर काय, डोळे काय... बिराप्पा आपला दाढी खाजवतोय. मग सौमित्रनं हुकमी डाव टाकला. इंग्रजीत त्याला 'थ्रो इन' म्हणतात. सौदा अडला की वर काहीतरी फुकट द्यायचं.

"काका, हे गळ्यातलं दावंसुद्धा घेऊन जा. गोंड्यासकट. फुकट!"

बिराप्पा विंचू चावल्यागत मागं सरला.

"आरं दावं? दावं कोण देतं व्हय! बुवा, कुठलं म्हणायचं हे पोरगं?"

"पुण्याचं," बुवा म्हणाले.

बिराप्पानं बुवांपुढं पैसे मोजून ठेवले आणि पिशवीतून स्वतःचं नवं दावं काढलं. ते गोऱ्ह्याच्या गळ्यात बांधलं, मग जुनं सोडलं आणि दोन्ही हातांनी बुवांना दिलं. बुवांनी ते कपाळाला लावलं. गोऱ्हा वळून वळून बघत बिराप्पामागून निघून गेला. बुवांचे डोळे भरून आले, ते त्यांनी उपरण्यानं पुसले.

सौमित्र चक्रावला होता.

"म्हणजे हा दावं घेऊनच आला होता? घ्यायचं ठरवून?"

"हो."

"मग मी एवढं बोललो ते..."

"छान बोललास. त्याचीही करमणूक झाली."

सौमित्रला हसू आलं. पण मनातलं कोडं काही सुटेना.

"अख्खं जनावर देऊन टाकलं, मग ही जुनी दोरी कशाला ठेवायची? काय आहे तिच्यात?"

"मीही आजोबांना हेच विचारलं होतं."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, जनावर विकलं तर दुसरं बांधता येतं, दावं दिलं की गोठाच गेला."

सौमित्र रिकाम्या खुंट्याकडे बघत राहिला...

बुवांनी दाव्याची गुंडाळी केली आणि त्याच्या हातात ठेवली. तिला अजून गोऱ्ह्याचा वास येत होता.

"उद्या जा. खुशाल विक स्वतःला," बुवा म्हणाले. "दावं तेवढं माघारी घेऊन ये."