गुरुवारची हाळी

एकदा दूरदेशी शिकून परतलेली एक तरुणी एका वृद्ध मेंढपाळाची शिष्या व्हायला माळावर गेली. तिला वाटले होते, वृद्ध एखाद्या झाडाखाली शांत बसलेला असेल. गवत, पाणी आणि पशू यांविषयी काही गहन बोलेल आणि ती ते टिपून घेईल. ज्या मुलखातून आठव्या वर्षी तिला उचलून दूरच्या वसतिगृहात ठेवले गेले, तो मुलूख ती परत आल्याचे पाहून दोन पावले तरी पुढे येईल, असेही तिला वाटले होते. प्रत्यक्षात ती पोचली तेव्हा वृद्ध एका मेंढीचा खूर मांडीवर घेऊन काटा काढत होता. मान वर न करता त्याने विचारले, "चाकू हाय का जवळ?" तिच्या पिशवीत चार वह्या, दुर्बीण आणि औषधांची पेटी होती. चाकू नव्हता. वृद्धाची सून ठकूबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. बसल्या जागेवरून तिने पाण्याची घागर दाखवली आणि पुन्हा भाकरी थापू लागली.

शिकवणी सुरू झाली, पण ही शिकवणी आहे हे शिष्येला कळत नव्हते. वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, रोज सकाळी उचलून दुसरीकडे लावायची. गोचिड्या काढायच्या. मेंढ्या चरू लागल्या की त्यांच्यात बसायचे. हे बसणे तिला सर्वांत अवघड जाई. ती उठे, टेकाडावर जाई, दुर्बिणीतून पाही, परत येऊन काही लिही आणि पुन्हा उठे. वृद्धाला ती आबा म्हणू लागली होती. आबा म्हणत, "बस की जरा. माळ कुठं पळून चाललाय?"

माळ पळत नव्हता, पण दिवस पळत होते. सात आठवड्यांनी शहरात विद्वानांची सभा भरणार होती. तिथे ती मेंढपाळांच्या ज्ञानाविषयी बोलणार होती आणि त्या बळावर याच माळावर एक शाळा उभारणार होती. सभेला नेण्यासाठी शुक्रवारी सकाळी जीप यायची होती. एवढ्या मोठ्या कामाची तयारी गोचिड्या काढून कशी व्हायची, हे तिला उमगत नव्हते.

त्या मेंढ्यांत दहा महिन्यांचे एक कुत्रे होते. डोळे उघडताच त्याला कोकरू मेलेल्या एका मेंढीच्या कासेला लावले होते. ते मेंढ्यांत वाढले, मेंढ्यांतच झोपे. त्याला कुणी नाव ठेवले नव्हते आणि कुणी कुरवाळतही नसे. ठकूबाई वाघरीच्या मधोमध ठेवलेल्या दगडी कुंडीत भाकरीचा काला ओते आणि मागे न पाहता निघून जाई. शिष्येला हे फार कठोर वाटले. लहानपणापासून तिला एक कुत्रे हवे होते, आणि वसतिगृहात कुत्रे ठेवू देत नाहीत. कपाळावरचा पांढरा ठिपका पाहून तिने मनातल्या मनात त्याचे नाव टिकल्या ठेवले. मग ते नाव ओठांवर आले. मग आपल्या भाकरीतला चतकोर ती त्याच्यासाठी ओढणीआड राखू लागली. पंधरा दिवसांत तो तिची चाहूल ओळखू लागला. तिला पाहून उठून उभा राहणारा माळावरचा तो पहिला जीव.

ठकूबाईच्या नजरेतून हे सुटले नव्हते. एकदा ती हसत म्हणाली, "ताई, लई लाडावू नका त्याला. उद्या मेंढरं सोडून तुमच्यासंगं विमानात बसंल." शिष्याही हसली आणि चतकोर राखीत राहिली.

आबांची एक गोष्ट मात्र तिला कोड्यात टाकी. दर गुरुवारी ते बाजाराला जात. परतताना खांद्यावर ओझे असे, पाय थकलेले असत, आणि सरळ गाडीवाट वाघरीपर्यंत येत असे. तरी आबा ती वाट सोडून ओढ्यात उतरत आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाने कोसभर वळसा घालत. खोकल्याची उबळ आली तर धोतराचा सोगा तोंडात कोंबत. जवळ आल्यावरही थेट आत शिरत नसत. एका खडकाआड उकिडवे बसून बराच वेळ मेंढ्यांकडे पाहत राहत. शेवटी ते उठून पुढे आले, की कुत्रे एक कान हलवून पुन्हा मान टाकी, आणि म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांत हसू पसरे. शिष्येने वहीत लिहिले: 'निसर्गात प्रवेश करण्यापूर्वी वृद्ध मूकपणे त्याची अनुज्ञा घेतो.' सभेत सांगायला हे वाक्य तिला इतके आवडले की तिने ते दोनदा अधोरेखित केले. आबांना विचारावे, हे मात्र तिला सुचले नाही.

चौथ्या आठवड्यात आबांचा गुडघा सुजला. बाजाराला आपण जातो, असे तिने आपणहून सांगितले. आबांनी मिठाची पिशवी हाती देत एवढेच बजावले, की येताना ओढ्याने यायचे आणि हाळी द्यायची नाही. पहिल्या गुरुवारी ती ओढ्याने आली. दुसऱ्या गुरुवारी ऊन फार होते, ओझे जड होते आणि दिवसभर कुणाशी मनातले बोलणे झाले नव्हते. ती गाडीवाटेने आली. टेकाडावर पोचताच खाली मेंढ्यांचा करडा पुंजका दिसला, आणि तिला राहवले नाही. तिने हाळी दिली. टिकल्या बाणासारखा सुटला. अर्धा कोस धावत येऊन तो तिच्या अंगावर झेपावला, आणि ती धुळीत फतकल मारून त्याच्या मानेला बिलगली. तिच्या येण्याने असे कुणी कधी धावले नव्हते. तिसऱ्या गुरुवारी तिने ओढ्याकडे पाहिलेही नाही.

चौथा गुरुवार सभेच्या आदल्या दिवशी आला. ऊन कलले होते. हाळी ऐकून टिकल्या आला. ती त्याला उद्याची सगळी हकिकत सांगत बसली. सभेत काय बोलायचे, शाळा कुठे बांधायची, त्याची जागा कुठे असेल. तेवढ्यात खालून ठकूबाईचा आवाज फाटला. लांडगा आला होता.

ती धावत पोचली तोवर दोन कोकरे गेली होती. तिसरे मान फाटून पडले होते. ठकूबाई विळा घेऊन ओढ्यापर्यंत पळाली आणि रिकाम्या हाताने परत आली. आबा सुजलेल्या गुडघ्यावर उभे राहून बिथरलेल्या मेंढ्यांना आवाज देत होते. मेलेले कोकरू ज्या मेंढीचे, तिचेच दूध टिकल्या प्याला होता. त्याने ते कोकरू हुंगले, एकदा चाटले आणि मग तो शिष्येपाशी येऊन शेपूट हलवीत उभा राहिला.

ठकूबाई धापा टाकत म्हणाली, "झाली का सभा कुत्र्यासंगं?" मग तिने सासऱ्याला सांगून टाकले, की खालच्या कोंबड्यांच्या शेडवाल्याला बांधून घालायला कुत्रे हवे आहे, उद्या सकाळी हे त्याच्याकडे पोचवायचे. मेंढरे सोडणारे कुत्रे राखणीचे नाही, साखळीचे आहे. शिष्या रडकुंडीला आली. चूक माझी आहे, त्याला शिक्षा नको, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.  आबांनी काठी उचलली आणि म्हणाले, "चल."

ते तिला टेकाडाच्या अंगाला असलेल्या घायपाताच्या बेटाआड घेऊन गेले. तिथे गवत तीन ठिकाणी दबलेले होते. आबांनी काठीच्या टोकाने एकेक जागा दाखवली.

"ही लांडग्याची बसकण जुनी. गवत पुन्हा उठाया लागलंय. ही मागच्या आठवड्याची. ही आजची. हितनं गाडीवाट बी दिसती आन् मेंढरं बी. दोन बारी नुसतं बघून गेला. तुझी हाळी त्यानं पाठ केली, लेकी."

शिष्या त्या दबलेल्या गवताकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणून तुम्ही ओढ्यानं येता. मी वहीत लिहिलं, तुम्ही निसर्गाची परवानगी घेता."

आबा क्षणभर हसले. "मेंढरं माझी. परवानगी कुणाची घिऊ?" मग ते तिथेच, लांडग्याच्या बसकणीशेजारी, दुखरा पाय पसरून बसले. सावल्या माळावर लांब पडल्या होत्या. बराच वेळ त्यांनी काठीने मातीत रेघा ओढल्या.

"मला मिसरूड फुटायचं व्हतं तवा म्या पयलं कुत्रं लावून घेतलं. बाजारातनं आलो की मैलभर सामोरं यायचं. मी मिरवायचो. बा म्हणायचा, सामोरं येणारं कुत्रं काहीतरी सोडून येतं. मला वाटायचं, बा जळतोय. मग हे असंच झालं. बानं कुत्रं गिरणीवाल्याला दिलं. बाजाराची वाट गिरणीवरनंच. मला बघितलं की साखळी ताणून दोन पायांवर उभं ऱ्हायचं. गळ्याचे केस झडले त्याचे. मला बघवंना, तर म्या ती वाटच सोडली. ते कधी मेलं, ते बी मला दुसऱ्यानं सांगितलं."

त्यांनी दुखरा पाय हाताने जरा सरकवला. 

"त्याचं काय चुकलं? मेंढरं एकीकडं, मी एकीकडं, आन् त्याचा जीव दोन्हींकडं. ही फाटाफूट म्या केली. दंड त्यानं भरला."

"मग काय करायचं, आबा? माया लावायचीच नाही का?"

"माया कुणाला चुकलीय? ज्याच्यावर माया बसली, त्याला हाळी घालून आपल्याकडं आणायचं, का आपण जाऊन त्याच्या कामापाशी बसायचं, येवढंच बघायचं. मी नुसता फिरत ऱ्हायलो. बसलो असतो, तर ते बी बसलं असतं."

एवढे बोलून ते काठीवर जोर देऊन उठले. वाटेत त्यांनी फक्त मेंढ्यांना आज कोणत्या बाजूला कोंडायचे ते सांगितले.

 जेवताना शिष्येने घास ताटलीत परत ठेवला. तिने ठकूबाईला सांगितले, की इथे आली त्या दिवशी तिच्यासाठी कुणी उठले नव्हते, कुत्रे तेवढे उठू लागले, आणि म्हणून तिचा तोल गेला. ठकूबाईने तिच्या ताटलीत कोरड्यास वाढले. तिचा राग अजून गेला नव्हता, पण आवाज उतरला होता.

"उठायचं पाव्हण्यासाठी असतंय, ताई. तुम्ही ऱ्हायला आलो म्हणला व्हता. म्हणून उठले न्हाई."

शिष्येला ते वाक्य गोचिडीसारखे चिकटले. उद्या सकाळी जीप येणार होती. पोथीतला अर्थ सांगावा तसा आबांच्या ओढ्याचा अर्थ तिने विद्वानांना सांगितला असता, टाळ्या मिळाल्या असत्या, आणि इथे एक जीव साखळी ताणून गाडीवाटेकडे पाहत उभा राहिला असता. दुसरा मार्गही होता, कुत्र्याला सोबत न्यायचा. पण ज्याने आयुष्यात मेंढीच्या उबेशिवाय झोप घेतली नाही, त्याला ती कुठे नेणार होती? रात्रभर कूस बदलूनही दोहोंपैकी एकाही विचाराला बूड सापडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप टेकाडावर येऊन थांबली आणि चालकाने दोनदा भोंगा वाजवला. ठकूबाई दावे घेऊन तयार उभी होती. शिष्येने पिशवी उचलून चार पावले टाकली, आणि टिकल्या मेंढ्यांतून उठून चार पावले बाहेर आला. ती थांबली. तो थांबला. ती दोन पावले मागे सरली, तसा तोही मागे सरला. आबा लांबून हे पाहत होते. 

ती गेली की तो मागोमाग येणार, ती एकटी टेकाडावर जाऊ शकत नव्हती, हे तिच्या ध्यानात आले. तिने ठकूबाईला हात जोडून विनंती केली, की चालकाला निरोप द्या, मी येत नाही. दावे हातातच असू द्या. अमावास्येपर्यंत हे कुत्रे मेंढ्यांतून उठून बाहेर आले, तर तुम्ही त्याला खुशाल द्या, मी आड येणार नाही. ठकूबाईने सासऱ्याकडे पाहिले. मग दावे कमरेला खोचून ती टेकाडाकडे चालू लागली.

शिष्या वाघरीत शिरली आणि जिचे कोकरू टिकल्याने चाटले होते त्या मेंढीजवळ मातीत बसली. टिकल्याने येऊन तिच्या तळहाताखाली नाक खुपसले. तिने हात हलवला नाही, नावही घेतले नाही. तो थोडा वेळ वाट पाहत राहिला, मग स्वतःभोवती दोन गिरक्या घेऊन मेंढीला पाठ टेकून, तोंड माळाकडे करून पसरला. टेकाडावर जीप सुरू झाली. शिष्येचे पाय उठण्यासाठी शिवशिवत होते, भाषणाची वाक्ये एकामागून एक डोक्यात येत होती, पण जीपचा आवाज पार विरला तरी ती उठली नाही.