ओलेत्याने मागितलेला वैद्य

पूर्वी शंखपूर बंदरात एक न्यायी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व चंदनाचा व्यापारी होऊन जन्मला होता. त्याचे नाव नंदिसेन. एके सकाळी तो नेहमीप्रमाणे अंगणात चंदनाच्या ढलप्या उन्हात पसरीत होता. तेवढ्यात त्याचा भाचा कुंडक दारात येऊन उभा राहिला. नंदिसेनाचा एकुलता मुलगा सोमिल याच्यासोबत तो समुद्रापलीकडे ताम्रद्वीपाला गेला होता. परतला होता तो एकटाच.

कुंडकाने सांगितले, किनाऱ्यावर उतरताच सोमिलला सर्पदंश झाला. कुंडक वैद्याचे घर शोधीत धावला. शंखपुरात वैद्याला बोलावणाऱ्याने विहिरीवर डोक्यावरून पाणी घेऊन ओलेत्याने दारात जायचे, अशी रीत होती. कुंडकाने तेच केले. पण त्या देशात मढे पोचवून आलेलाच ओल्या अंगाने दारी येतो. भाषा कोणाला कळेना. रोगी संपला असे समजून वैद्याने हात जोडले आणि दार लावून घेतले. शेजारणीने तर कुंडकाच्या हाती दुखवट्याच्या भाताचा द्रोण ठेवला.

"मामा, तो तेव्हा जिवंत होता. द्रोण बघून हसला. म्हणाला, वैद्य आणायला गेलास की जेवायला?"

तिथे वैद्याला बोलावताना कोरडी वस्त्रे नेसून, शांत उभे राहावे लागते हे पुढे कोणीतरी खुणांनी समजावले. तोवर उशीर झाला होता. अस्थींचे मडके तिथल्याच किनाऱ्यावर एका झाडाखाली पुरून कुंडक निघून आला होता.

नंदिसेनाने हातातली ढलपी खाली ठेवली. मग म्हणाला, "ती रीत तुला मीच शिकवली होती."

त्यानंतर त्याने चंदनाला हात लावला नाही. घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

पुढच्या हंगामात ताम्रद्वीपाचे एक जहाज बंदरात आले. मामा-भाचे नगरवैद्याच्या घरावरून जात असता दारात त्या जहाजावरचा एक परका माणूस उभा दिसला. कोरडी वस्त्रे, नीट विंचरलेले केस, चेहरा शांत, फक्त बोटे थरथरत होती. आतून वैद्य म्हणाला, "कोरडाच आहे, याला कसली घाई?" आणि तो औषध कुटत राहिला.

कुंडकाने मामाचा दंड धरला. "चला मामा. यांनी आपल्याला दार लावले होते."

नंदिसेनाचे पाऊल घराकडे वळलेही. पण त्या माणसाची बोटे त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. तो विहिरीवर गेला, घागर डोक्यावर रिकामी केली आणि निथळत वैद्याच्या दारात उभा राहिला.

"वैद्यराज, माझा माणूस मरतो आहे."

वैद्य तत्काळ उठला आणि त्या परक्यामागोमाग जहाजावर गेला. जहाजावरचा म्हातारा वल्हेकरी वाचला. नंदिसेनाला मात्र त्याने हलके वाटले नाही. वाचलेल्याचा चेहरा न पाहताच तो घरी गेला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. ते जहाज निघून गेल्याचे त्याला फार उशिरा कळले.

परदेशी मुलगा गमावलेल्या एका गृहस्थाला शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, ही कथा सांगितली. तेव्हाचा कुंडक म्हणजे आज संघात सर्वांत मागे बसणारा अबोल भिक्षू. सोमिल म्हणजे त्या गृहस्थाचाच गेलेला मुलगा. नंदिसेन स्वतः शास्ता होता, आणि त्या जन्मी त्याने आचरली ती करुणा. सोमिलच्या अस्थी मात्र ताम्रद्वीपाच्या किनाऱ्यावरच राहिल्या. त्या मागवण्याचा निरोप त्या जहाजाबरोबर द्यायचा राहून गेला.