शिशाचे यक्ष आणि राजाचे डोळे

एका राज्यात, जिथे नद्या वेळेवर भरत आणि चोर वेळेवर सापडत, पुष्करसेन नावाचा राजा होता. राजा म्हणावा तर बरा होता. युद्धाची खुमखुमी नाही, शिकारीचं वेड नाही, दासींच्या मागे लागणं नाही. मग खोट कुठे होती? खोट एकच. राजा बाहुल्या रंगवत असे.

हसू नका. भातुकलीच्या बाहुल्या नव्हेत त्या. राजवाड्याच्या तळघरात पणजोबांच्या काळची एक सागवानी पेटी होती आणि तिच्यात शिशाची ओतीव सेना निजलेली होती. बोटभर उंचीचे यक्ष, टोकदार लांब कानांचे. कुणी धनुर्धर, कुणी भालाईत, कुणी हरणावर स्वार. मधल्या राजांनी हौसेहौसेनं थरावर थर रंग थापून त्यांचे नुसते गोळे करून ठेवले होते. पुष्करसेनानं एकेकाला राखेच्या पाण्यात भिजत घातलं, जुना रंग सोलून काढला, वाकडे भाले सरळ केले. आतून अशी रेखीव नाकं निघाली, अशा बारीक बोटांचे हात निघाले, की राजा तहानभूक विसरला. समोर भिंग, खांद्यावर बोलकी साळुंकी, आणि मान कायमची खाली.

राणी कुमुद्वती दाराशी येऊन म्हणे, "महाराज, ताटं वाढली आहेत." राजा म्हणे, "एवढी टाच संपवतो." टाच कसली संपते? भात गार होई, तूप थिजे, राणी एकटी जेवून उठे.

पण सेना उभी राहीना, हे राजाचं दुःख होतं. लाकडाच्या चकतीवर डिंक लावून त्यानं नदीची वाळू पसरली, तिच्यावर यक्ष उभे केले. सकाळी सगळे आडवे. शेतातली माती घातली, तरी आडवे. डोंगराची खडी घातली, तरी तेच. तेव्हा राजा चिडला. म्हणाला, "भूमी राहू दे. सेनापतीला आधी रंगवून टाकू, डोळ्यांसकट." साळुंकी म्हणाली, "डोळे शेवटी, महाराज." राजानं ऐकलं नाही. राजेच ते.

त्या दुपारी कुमुद्वती बोलवायला आली तेव्हा उत्तर आलं नाही. आत जाऊन पाहते तर आसनावर राजा नाही. मेजावर रंगांच्या वाट्या, ओला कुंचला, आणि वाट्यांच्या मधोमध एक बोटभर माणूस हिंडत होता. हिरवा अंगरखा, केशरी केस, लांब कान. पाय मेजाला टेकत नव्हते. तिळाएवढं अंतर राखून तो हवेतच पावलं टाकत होता. त्यानं वर पाहिलं आणि पापणी हलवली.

राणी दाराशी मागे सरली. तिनं चौकट धरली.

"यक्षा," ती म्हणाली, "माझा नवरा कुठे आहे?"

"तुझ्यासमोर आहे, राणी. आसनावर बघ."

आसनावर एक राखाडी पुतळी पडली होती. डोक्यावर मुकुट, हातात कुंचला, पाठीला तेच पोक. राणीनं ती उचलली. गार होती, आणि एवढीशी असून जड होती.  

"मी वेणुकर्ण, या सेनेचा सेनापती," तो इवला पुरुष म्हणाला. "आमच्यावर जादूगाराचा शाप आहे. रांगेतली जागा रिकामी राहत नाही. तुझ्या नवऱ्यानं मला भूमी न देताच माझे डोळे रंगवून उघडले. मी जागा झालो, तो माझ्या जागी गेला."

"सोडवायचा कसा?"

"आधी भूमी, मग रंग, शेवटी डोळे. साऱ्या सेनेला, आणि सर्वांच्या शेवटी त्याला. ज्याचे डोळे जसे होते तसेच, त्याच रंगाचे उतरले पाहिजेत; माझे त्याला योगायोगानं साधले. तुझ्या नवऱ्याचे चुकले तर तो शिसं, आम्ही शिसं, कायमचे."

"भूमी कोणती?"

"आमच्या वनाची. ते कुठे आहे मला ठाऊक नाही. माझे पाय ओळखतील."

झालं. ज्या पुतळ्यांच्या नावानं राणीनं आयुष्यभर बोटं मोडली, त्यांच्यातला एक तळहातावर घेऊन ती राज्य पालथं घालायला निघाली. नवरा कमरेच्या चंचीत. नदीवर गेली, वेणुकर्णाचे पाय टेकले नाहीत. शेतांतून फिरली, टेकले नाहीत. डोंगर चढून धापा टाकत माथ्यावर बसली, तरी तो आपला तळहाताच्या वर तरंगतोच आहे. शेवटी थकून परत आली आणि रिकाम्या दरबारात सिंहासनाच्या पायरीवर मटकन बसली.

तिचा तळहात एकदम खाली दबला. वेणुकर्णाची पावलं तिच्या कातडीत रुतली होती.

"इथे," तो म्हणाला.

प्रधान दीर्घदर्शी धावत आला. नाव दीर्घदर्शी, दृष्टी पानसुपारीच्या तबकापर्यंत. "राणीसाहेब, सिंहासनाखाली खणणं म्हणजे राज्यच खणणं."

"खणा."

पहारी आल्या. सिंहासन बाजूला सरलं, फरशी उचकटली. खाली चुना असेल, मुरूम असेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. खाली काळी ओलसर माती होती, अजून न कुजलेला पाचोळा होता, आणि कुऱ्हाडीच्या घावांचं एक खोड होतं. पणजोबांच्या काळापासून अंधारात गाडलेलं ते खोड, आणि त्याला नुकतंच फुटलेलं हिरवं पान. प्रधानानं आ वासला तो मिटेचना.

वेणुकर्ण मातीवर उतरला आणि त्यानं खोडाला हात लावला. "हा माझ्या अंगणातला बकुळ," तो म्हणाला. "तुझ्या नवऱ्याचा पणजा पाहुणा म्हणून आला होता. सोबत एक जादूगार होता. आम्ही जेवायला वाढलं. ताटावरून उठायच्या आत आम्ही पेटीत होतो."

कुमुद्वतीनं उचकटलेल्या फरशीकडे पाहिलं. याच फरशीवर तिच्या सासरी येण्याचा सोहळा झाला होता, याच फरशीवर तिनं रांगोळ्या घातल्या होत्या. ती फरशीवरून खाली मातीत उतरली.

तिनं ओंजळीनं माती उचलली, चकत्यांवर डिंक लावून पसरली, वर पाचोळ्याचा चुरा आणि शेवाळ्याचे झुबके चिकटवले. एकेक यक्ष उभा केला. कुणी हललं नाही, कुणी पडलं नाही. राजाचीही चकती तिनं त्याच मातीची केली.

मग रंग. अहो, काय सांगू, तिचा पहिला भालाईत बघून साळुंकीनं पंखात तोंड लपवलं. राणीनं हरताळाचा पिवळा असा थापला होता की अंगरखा कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो ते कळेना.

"हा माझा पुतण्या," वेणुकर्ण म्हणाला. "त्याला कावीळ कधी झाली नव्हती."

राणीनं पुसून पुन्हा सुरू केलं. साळुंकीला राजाचं पुटपुटणं पाठ होतं. ती खांद्यावर बसून म्हणे, "पातळ. आणखी पातळ. खोलात गडद, उंचवट्यावर फिकं." आधी काजळीचा हात, वर पाल्याचा हिरवा, कडांवर नुसता स्पर्श. हळूहळू शिशावर कापडाच्या चुण्या पडायला लागल्या. आणि वेणुकर्ण एकेकाची ओळख देत गेला. ही बासरी वाजवायची. हा तापट. हिचं लग्न ठरलं होतं. राणीचा हात मध्येच थांबे, ती चेहऱ्याकडे बघत राही. इतके दिवस ही माणसं पेटीत धूळ खात होती आणि ती त्यांना सवत म्हणत होती. आता भात गार व्हायचा तो तिचा होई. दासी दाराशी येऊन म्हणे, "ताट वाढलंय," आणि राणी म्हणे, "एवढी बाही संपवते." आपण काय बोललो हे कळून ती चपापली.

मग डोळे. वेणुकर्ण सांगे, ती रेखी. हिचे करडे. याचे काळेभोर. ठिपका टेकला की पापणी हले, आणि बोटभर माणूस खोल श्वास घेऊन आपल्या हातांकडे बघत राही. बासरीवालीनं डोळे उघडले आणि ती आधी रडली. सबंध मेज माणसांनी भरून गेलं.

शेवटी राजा. अंगरखा जांभळा झाला होता, मुकुटाला सोनेरी कड आली होती, गालांवर रंग चढला होता. राणीनं कुंचला काजळात बुडवला, नवऱ्याच्या तोंडाशी नेला, आणि हात तिथेच थबकला.

तिला त्याच्या डोळ्यांचा रंग ठाऊक नव्हता.

काळे? कशावरून काळे? ती आठवायला लागली. अंतरपाट सरला तेव्हा रीतीप्रमाणे तिची मान खाली होती. शयनगृहात तो यायचा तो दिवा मालवून. दिवसा त्याचा तिला ठाऊक होता तो माथा, केसांतला भोवरा आणि मानेचा मणका. ती गारठली. इतक्या वर्षांचा संसार, आणि नवऱ्याच्या तोंडावर दोन ठिपके देता येऊ नयेत? तिला स्वतःची लाज वाटली, मग त्याचा राग आला, मग नुसती भीती वाटली.

तिनं प्रधानाला बोलावलं. "महाराजांचे डोळे कसे आहेत?"

"राणीसाहेब, राजाच्या नजरेला नजर देणं हा या राज्यात अपराध आहे. मला महाराजांच्या पायांचे अंगठे विचारा."

न्हाव्याला बोलावलं. तो म्हणाला, "दाढी करताना महाराज डोळे मिटतात, मी पात्याकडे बघतो."

"तू तरी सांग," ती साळुंकीला म्हणाली.

"मी खांद्यावर बसते," साळुंकी म्हणाली. "मला कान ठाऊक आहे."

राणी मेजाशी बसली आणि तिनं कुंचला खाली ठेवला. तेव्हा वेणुकर्ण पुढे आला.

"मला ठाऊक आहेत," तो म्हणाला. "मी डोळे उघडले तेव्हा पहिलं दिसलं ते तेच. भिंगापलीकडे, परातीएवढे."

राणीनं झटकन मान वर केली. "मग आतापर्यंत बोलला का नाहीस?"

"तू विचारशील असं वाटलं नव्हतं. बायकोला नवऱ्याचे डोळे ठाऊक असतात, असं आमच्याकडे धरून चालतात."

थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं. राणीचे कान तापले.

"सांग," ती म्हणाली.

"सांगतो. पण तू आम्हाला चिमूटभर भूमी दिलीस. आम्हाला सगळी हवी. हा वाडा इथून हटला पाहिजे."

प्रधान कळवळून म्हणाला, "राणीसाहेब, महाराज परत येतील ते कुठे? ना सिंहासन, ना छप्पर. ते तुम्हाला क्षमा करणार नाहीत."

हे खरं होतं, आणि राणीला ते ठाऊक होतं. नवऱ्याला सोडवायचं तर त्याचं सिंहासन त्याला न विचारता देऊन टाकायचं. त्याला काय आवडतं, काय चालेल, तो काय म्हणेल, यातलं तिला काहीच सांगता येत नव्हतं. तिनं त्या राखाडी रिकाम्या डोळ्यांकडे पाहिलं.

"दिला," ती म्हणाली. "तुमचाच होता. आता सांग."

"दोन्ही पिंगट, मधासारखे. डाव्याच्या खालच्या कडेला काळा ठिपका, मोहरीहून लहान. आणि मी जागा झालेला बघून त्यांत जो आनंद होता, राणी, तो मी शत्रूच्या वंशात पाहीन असं वाटलं नव्हतं."

राणीला शिशाच्या सेनापतीचा हेवा वाटला. खरंच वाटला, लपवून काय उपयोग? तिनं गेरूत हरताळ मिसळला, पाणी घातलं, आणखी घातलं, श्वास रोखला. उजवा. डावा. मग कुंचल्याच्या एका केसानं तो ठिपका.

पापणी हलली. पुतळी मेजावरून घरंगळली आणि जमिनीवर पडेपर्यंत पुरुषभर झाली. त्याच क्षणी मेजावरचे सगळे यक्षही उड्या टाकून उतरले, वाढले, ताडमाड झाले, आणि लांब लांब ढांगा टाकत दरबाराकडे निघून गेले. पाठोपाठ वाड्याच्या पोटात काहीतरी कडाडलं. मुळं उठत होती.

आणि पुष्करसेनानं पहिलं काय केलं असेल? मेजाकडे पाहिलं. घ्या. बायको समोर उभी, वाडा हलतोय, आणि हा मेजाकडे बघतोय. मेज रिकामं होतं. त्यानं भिंग शोधलं, तेही पडून फुटलं होतं. तो कुंचले वेचायला वाकला. तेव्हा राणीनं त्याची हनुवटी धरली आणि तोंड वर केलं. कुणी कधी राजाला असा हात लावला नव्हता.

राजानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. भिंतीतून बकुळीची फांदी आत शिरली तरी पाहत होता.

"राणी," तो म्हणाला, "तुझे डोळे घारे आहेत."

"लग्नाच्या आधीपासून, महाराज."

राजाचा चेहरा पडला. इतकं हादरलेलं त्याला साळुंकीनंही कधी पाहिलं नव्हतं. तो काही बोलणार होता, पण वरची तुळई कलली, म्हणून राणीनं त्याचा हात धरला आणि दोघं बाहेर धावली. साळुंकी पुढे, प्रधान मागे, तबक प्रधानाच्या हातात.

वाडा गेला, वन आलं. वेणुकर्णानं अंगणातल्या बकुळाखाली आपलं घर पुन्हा थाटलं, आणि राजाला सांगून पाठवलं की पाहुणा म्हणून यायचं असेल तर ये, पण जादूगार आणू नकोस. राजानं नदीपलीकडे मातीचं साधं घर बांधलं, ओटीवर बसून न्यायनिवाडा करू लागला, आणि नजरेला नजर देण्याचा अपराध त्यानं राज्यातून काढून टाकला. सिंहासन दिल्याबद्दल तो राणीला एक शब्द बोलला नाही. बोलायला त्याला तोंडच नव्हतं.

नव्या घरात पहिल्या दिवशी कुमुद्वतीनं दोन ताटं समोरासमोर वाढली. राजा बसला आणि सवयीनं मान खाली घालून भात कालवू लागला.

"वर बघा," राणी म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. ज्यांनी ऐकलं त्यांचीही ताटं गरम राहोत, आणि कुणीतरी समोर बसलेलं असो.