मैनीने घोट घेतला नाही

ऐका बाप्पा, पण ऐकलं म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. माझ्यावरही नाही. लई वर्षं झाली, वैनगंगेपल्याड कोसमटोल्यात मैनी उसेंडी नावाची बाई राहायची. भारी संशयी! कोणी प्यायला पाणी दिलं तरी आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायची, असं म्हणतात.

त्या गावची एक रीत होती. गोष्ट सगळ्या गावाची असली की सगळे एकाच मडक्यातली मोहाची दारू घोटभर प्यायचे. प्यालं म्हणजे कबूल. एकानेही नाकारली की गोष्ट तिथेच थांबायची.

एकदा एक ठेकेदार आला. बोलणं कसं, मधात बुडवलेलं! म्हणाला, "जंगल माझ्या हवाली करा, मी राखतो. तुमच्या मोहाच्या झाडांना हात लावणार नाही." आणि त्याने गाडीतून भरलेलं मडकं उतरवलं. आपली रीत पाळणारा पाहुणा म्हटल्यावर लोक पाघळले. मैनीचा भाऊ लालसू गावचा गायता, म्हणजे पुजारी. पहिला घोट त्यानेच घेतला.

मैनीची पाळी आली. तिने विचारलं, "दादा, आपली रीत या परक्याला कोणी सांगितली?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. लालसू मात्र खाली पाहत होता.

"पी ना मैने. गावाची लाज काढू नको."

"झाडं गेली तर उन्हाळ्यात पोरं काय खातील, दादा? मी नाही पीत."

रीतीप्रमाणे गोष्ट तिथेच थांबायला हवी होती. पण एकट्या बाईचं काय धरायचं, म्हणून गावाने तिला मोजलंच नाही. उलट वाळीत टाकलं. कोणी विस्तव देईना, कोणी बोलेना. ती दूर रानात एका मोहाखाली जाऊन राहिली. तिथे वाघ तिची राखण करायचा, असं म्हणतात. वाघाचं मला ठाऊक नाही. माणसांपेक्षा बरा असेल.

मग ठेकेदाराची माणसं आली आणि पहिली कुऱ्हाड पडली ती मोहावरच. लालसू धावला. "हात लावणार नाही म्हणाला होतास ना?"

ठेकेदार हसला. "प्यालात ना सगळे?"

लालसूचं तोंड एवढंसं झालं. आणि मग तो ओरडला, "सगळे नाही! माझी बहीण नाही प्याली!"

तो ओरडला आणि साऱ्या कुऱ्हाडी दांड्यांतून निखळून पडल्या, असं म्हणतात. मला विचाराल तर गावच्या बायकांनी आधीच पाचरी काढून ठेवल्या असतील. काही का असेना, दुसरा घाव पडला नाही. आजूबाजूची गावंही झाडांभोवती येऊन बसली, ठेकेदाराने काढता पाय घेतला आणि जंगल गावाचं राहिलं.

लालसू बहिणीला आणायला पळाला. रानातल्या त्या मोहाखाली तिची चटई तेवढी होती. कोणी म्हणतं, ती झाडात शिरली. मला वाटतं, तिने भावाचाही भरवसा धरला नाही.

आजही तिथे ग्रामसभेत जंगलाचा विषय निघाला, मग तो कंपनीने काढो, सरकारने काढो की तुमच्या भल्यासाठी आलोत म्हणणाऱ्या शहरातल्या मंडळींनी, तर आधी विचारतात, "आज मैनी कोण?" एक बाई उठते. ती पाहुण्यांचा चहासुद्धा घेत नाही, नुसते प्रश्न विचारते. लोक वैतागतात, जांभया देतात, पण तिचं समाधान झाल्याशिवाय होकार नाही. आणि सभा उठली की गायता सगळ्यांदेखत वाकून तिची माफी मागतो. लालसूकडून ती मागायची राहून गेली होती.